दोराचं काम उत्तम

"हॅलो, भिवरगाव का? पाथरशेतहून बोलतेय मी. आवाज येतोय का?"

येत नव्हता. त्या काळी आमच्या घाटाखालून बाहेरगावी फोन लावायचा म्हणजे घसा बसेपर्यंत ओरडायचं. त्यात दुकानात गिऱ्हाईक. सुतारांची म्हातारी काउंटरवर कोपरं टेकून उभी होती. तिला गुडघ्याचं मलम हवं होतं, आणि मी कोणाशी काय बोलतेय तेही ऐकायचं होतं.

"बोला," पलीकडून एका बाईचा आवाज आला.

"नाना आहेत का?"

"जेवताहेत. काय काम होतं?"

"श्रीरंगबद्दल विचारायचं होतं. आधी तुमच्या पथकात होता ना? आता आमच्याकडे आहे."

लाइन गेली की काय म्हणून मी दोनदा हॅलो हॅलो केलं.

"होता," बाई म्हणाली.

"त्याचं असं आहे, आम्ही मुलांचं शिबिर घेतो उन्हाळ्यात. शाळेच्या बाई म्हणतात, मुलांबरोबर जो जो राहणार त्याच्याबद्दल आधीच्या ठिकाणी विचारून घ्या. म्हणून आपलं रीतसर विचारतेय हो. माणूस कसा आहे?"

"दोराचं काम उत्तम आहे त्याचं."

"ते तर आम्ही बघतोच आहोत. वागायला कसा?"

मागे कोणीतरी खाकरलं. 'कोण आहे गं?' असा पुरुषाचा आवाज आला. त्याला तिने उत्तर दिलं नाही. मला म्हणाली, "दोराचं काम उत्तम आहे." अगदी तसंच, त्याच सुरात.

"अहो, मुलांमध्ये कसा आहे, असं विचारतेय मी. लहान लहान मुलं असणार आहेत."

"दोराचं काम," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच अडकला, "उत्तम आहे." आणि फोन ठेवला.

"काय म्हनली?" सुतारांच्या म्हातारीने विचारलं.

"चांगला आहे म्हणाली."

"मग तुजं त्वांड का असं झालंय?"

मी तिला मलम दिलं आणि वाटेला लावलं. मलमाचे पैसे घ्यायचे राहिले, ते ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

आता हे सगळं नीट सांगते. दुकान माझ्या वडलांचं. ते गेल्यावर मी चालवत होते. औषधांचं दुकान, घाटाच्या तोंडाशी, आणि दुकानात फोन. घाटात एखादी गाडी दरीत गेली की वर कोणीतरी जिथून जमेल तिथून आमच्याकडे फोन करायचं. मी दुकानाची घंटा बडवायची की समोरच्या गॅरेजातून आप्पा शेडगे हातातला पाना टाकून धावायचे. त्यांच्यामागे ट्रकवाले, शाळेतला शिपाई, पिठाच्या गिरणीवाला. हे आमचं बचाव पथक. ना गणवेश, ना पगार. दोर, खुंट्या, एक स्ट्रेचर आणि आप्पांचा आवाज, एवढीच आमची मिळकत. मी दरीत उतरायची नाही. वर मलमपट्टी आणि फोन, ही माझी कामं.

आप्पांची एक पद्धत होती. नवा माणूस पथकात आला की त्याला चिरेकड्यावर न्यायचं. आधी तो लटकणार आणि वर दोर आप्पा धरणार. मग आप्पा लटकणार आणि दोर तो धरणार. आप्पा पायाखाली मोकळी दरी घेऊन वर त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. वर आले की एक तर त्याच्या पाठीवर थाप मारायचे, नाही तर 'चहा घे आणि घरी जा' म्हणायचे. झाली पारख. त्यापुढे कोण, कुठला, आधी काय करत होता, हे कोणी विचारायचं नाही. आणि दोरावरच्या माणसाबद्दल दोराबाहेर वाईट बोलायचं नाही. ही रीत आमचीच होती असं नाही. आसपासच्या सगळ्या पथकांची हीच रीत. ज्याच्या हातात आपला जीव द्यायचा त्याच्याबद्दल मनात किंतू ठेवून कसं चालेल, असं आप्पा म्हणायचे. आणि मलाही ते पटायचं.

श्रीरंग आमच्याकडे आला तो आदल्या वर्षीच्या पावसाळ्याआधी. उंच, कमी बोलणारा, नेहमी स्वच्छ कपडे. त्याच्या गाठी बघाव्यात! आप्पांसारखा माणूस त्या हातात घेऊन उलटसुलट करून बघायचा. श्रावणात एक टेम्पो दरीत गेला तेव्हा आप्पा खाली असताना वरची खुंटी निसटली. श्रीरंगने दोर नुसत्या हातांनी धरून ठेवला. तळहातांची सालटी निघाली, पण दोर सुटला नाही. त्या हातांना मलमपट्टी मीच केली. तेव्हापासून तो आप्पांच्या घरी राहायला गेला. आप्पांचा मुलगा ट्रकवर, महिना महिना बाहेर. घरात सून लता आणि नातू संग्राम. माळ्यावरची खोली रिकामीच होती. संग्राम तर श्रीरंगदादाच्या मागे शेपटासारखा. त्याच्याजवळ बसून गाठी शिकायचा, त्याच्याजवळच झोपायचा. आप्पांना त्याचं कोण कौतुक!

मलाही तो आवडायचा. उगाच नाही कशाला म्हणू? गावातले मला चिडवायचेसुद्धा, कुंदाताई, श्रीरंगला चहा पाठवा, आलं जास्त घालून. तो मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणाला, तिथंच विषय संपला. पण आवडायचा.

शिबिराची मुलं देवस्थळीबाईंच्या शाळेतली असायची. त्या वर्षी बाईंनी हट्टच धरला. त्यांनी कुठेतरी काहीतरी वाचलं असावं. म्हणाल्या, मुलांबरोबर तंबूत राहणाऱ्या प्रत्येकाची चौकशी झाली पाहिजे. पोलिसांचा दाखला आणा, आणि आधी जिथे काम केलं तिथे विचारा. नाही तर मी मुलं पाठवणार नाही. आप्पा असे काही भडकले! "दरीतनं मढी काडताना कुनी दाखला मागितला न्हाय आन आता मागत्यात?" पण मुलं पाहिजेत तर ऐकणं भाग होतं. पोलिसांचे दाखले आले. कोणावर काही नाही. श्रीरंगवरही काही नाही. फोन करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. भिवरगावचं पथक चालवणाऱ्या नानांचा नंबर मला श्रीरंगनेच दिला होता, हसत हसत. "नानांना विचारा ताई, नाना सांगतील सगळं."

फोन नानांनी उचलला नाही, एवढंच काय ते वेगळं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिराला निघायचं होतं. कोणी कुठल्या तंबूत ते ठरलेलं होतं. सगळ्यांत लहान मुलांचा तंबू श्रीरंगकडे. मी दुकानाची फळी लावली आणि गॅरेजच्या मागच्या खोलीकडे गेले. तिथे आप्पा दोर तपासत बसले होते.

दोर तपासणं म्हणजे काय तर सगळा दोर डोळे मिटून बोटांतून काढायचा. कुठे मऊ लागला, कुठे बोटाखाली पोकळ वाटला, की तो बाद. वरून कितीही चांगला दिसो. आणि बाद दोर तसाच ठेवायचा नाही. कोयत्याने त्याचे तुकडे करायचे, म्हणजे चुकूनसुद्धा कोणी तो वापरणार नाही. आप्पांच्या पायाशी असे तुकडे पडले होते.

"आप्पा, श्रीरंगला मुलांच्या तंबूत नको ठेवू या."

आप्पांनी डोळे उघडले. "का?"

मी फोनवरचं सगळं सांगितलं. ऐकून आप्पा हसायलाच लागले.

"आगं खुळे, चांगलं म्हनली की ती! आनखी काय म्हनायला पायजे हुतं?"

"मी तीनदा विचारलं, आप्पा. तीनदा तेच उत्तर. मुलांबद्दल विचारलं तरी दोराबद्दलच बोलली."

"बाईमानूस. तिला काय म्हाईत आसंल?"

"तिचा आवाज अडकला."

"आवाज आडकला," आप्पा म्हणाले, आणि दोर खाली ठेवला. आता ते हसत नव्हते. "एका बाईचा फोनवर आवाज आडकला म्हनून मी त्या पोराला सांगू, तू नालायक हाईस? कुंदा, त्यानं हातांची सालटी काडून मला वर वडला. मी जित्ता हाय तो त्याच्यामुळं. ही आसली परतफेड?"

"तुम्ही आत्ता तो दोर बाद केलात ना? काय झालं होतं त्याला?"

"बोटाला पोकळ लागला."

"तुटला होता?"

"न्हाय."

"मग पुरावा मागितलात का दोराकडे?"

आप्पांनी पायाशी पडलेला एक तुकडा उचलला. मग हळूच म्हणाले, "मानूस म्हंजे दोर न्हाय, बाय."

हे त्यांचं खरंच होतं. सगळं पथक उद्या मला काय म्हणेल ते मला दिसत होतं. पण डोळ्यांसमोर तो लहान मुलांचा तंबूही येत होता. आणि कानात त्या बाईचा आवाज.

तेवढ्यात श्रीरंगच आत आला. बाहेर वाळत घातलेला दोर काढून आणला होता त्याने. आम्हा दोघांची तोंडं बघून तो थांबला नाही. कोपऱ्यात उभा राहून दोराची वेटोळी घालायला लागला. सरसर, एकसारखी.

आप्पांनी मला नजरेनेच गप्प राहा म्हटलं. मी राहिले नाही.

"श्रीरंग, भिवरगावला फोन केला होता मी."

"हो का?" त्याचे हात चालूच होते. "कोणी उचलला? नानांनी?"

"नाही. एका बाईंनी."

हात थांबले. फार वेळ नाही, पण थांबले. मग त्याने उरलेली वेटोळी पुरी केली, शेवटचं टोक गुंडाळून गाठ मारली, दोर खुंटीला नीट अडकवला आणि सरळ केला.

"आप्पा," तो म्हणाला, "मला नाहीतरी पुण्याला जायचंच होतं. म्हटलं शिबिर झाल्यावर जावं. पण आताच गेलो तर बरं."

"आरं, काय बोलतुयास तू? ही कुंदा म्हंजे…"

"ताईंचं काही नाही आप्पा. कामच आहे माझं."

"त्या काय म्हणाल्या ते विचारलं नाहीस तू," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर अजून माझ्या मनातून जात नाही. रागाची नव्हती. राग असता तर बरं वाटलं असतं. अगदी निवांत नजर होती, घरी जाताना आपण दिवे बंद केले का बघतो तशी.

"कामाचंच बोलल्या असतील," तो म्हणाला.

दुपारच्या गाडीने गेलासुद्धा. आप्पा त्याला थांब्यावर पोचवायला गेले, माझ्या दुकानावरून, मान वर न करता. संध्याकाळी लता दुकानात आली होती डोकेदुखीची गोळी न्यायला. ती म्हणाली, मामंजींना फार लागलंय हो. आणि आमचं कार्टं बघा, दादा दादा करून जीव टाकायचं, पण निरोप द्यायला माळ्यावरून खाली आलं नाही. गाडी गेल्यावर आलं, आणि दोनदा भात मागून घेतला.

"मुलंच ती," मी म्हटलं. "विसरतात."

शिबिर झालं. मुलं परत आली, गालांना ऊन लागलेली, भांडकुदळ, खूश. पथकातलं कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. गिरणीवाल्याने तर गावभर केलं की, श्रीरंगने कुंदाताईंना नाही म्हटलं असणार, म्हणून बाईने डूख धरला. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी गोदामात जाऊन रडले. रडले आणि तोंड धुऊन परत काउंटरवर उभी राहिले. घंटा बडवायला तर मीच लागणार होते ना त्यांना.

त्याच सुमारास एका दुपारी फोन वाजला.

"पाथरशेत का? मी… मागे तुम्ही विचारलं होतं ना." आवाज मी लगेच ओळखला.

"हो हो. बोला."

"ठेवलंत का त्याला?"

"नाही."

पलीकडे ती श्वास सोडल्यासारखं करून रडायला लागली.

"त्या दिवशी मागे हे होते," ती म्हणाली. "नाना. आमच्यात बोलत नाहीत, दोरावरच्या माणसाबद्दल. हे म्हणतात, पथकाचं नाव जाईल. म्हणतात, आपण त्याला घालवला ना, झालं तर."

"काय झालं होतं ताई?"

मग म्हणाली, "आमचा धाकटा बुटाला नाडी बांधत नाही. येते त्याला. सगळ्या गाठी येतात. त्यानेच शिकवल्या होत्या, जवळ घेऊन बसायचा. आता आमचा कसलीच गाठ मारत नाही. दुसऱ्या कोणी मारायला गेलं तर पाय ओढून घेतो. विचारलं तर बोलत नाही." मग घाईने, "तुमच्याकडून कुठे गेला?"

"पुण्याला म्हणाला."

"म्हणजे परत कुठेतरी," ती म्हणाली. मागे दार वाजलं. फोन बंद झाला. मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

हे मी आप्पांना सांगितलं नाही. ते माझ्या दुकानाची पायरी चढत नव्हते, आणि मला वाटलं, आता कशाला? मुलं सुखरूप आली. माणूस गेला. वाचलो आपण. मी देवापुढे साखर ठेवली होती, खोटं कशाला सांगू.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर झेंडावंदन. मी प्रथमोपचाराची पेटी घेऊन कडेला बसलेली. उन्हात एखादं पोर भोवळ येऊन पडतंच. कवायत संपली आणि संग्राम माझ्या समोरून चालला होता. पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि नाड्या मोकळ्या, आत कोंबलेल्या. एक बाहेर येऊन चिखलात लोळत होती.

"अरे संग्राम, पडशील. ये इकडे, बांधून देते."

मी वाकले. त्याने पाय असा काही मागे ओढला की तोच धडपडला.

"आरं, कुंदाआत्या बांधतीय तर बांदू दे की," आप्पांचा आवाज आला. ते मागेच होते. झेंड्याच्या निमित्ताने इतक्या दिवसांनी माझं नाव त्यांच्या तोंडून निघालं होतं.

"नको," संग्राम म्हणाला. "मला गाठ नको."

"लेका, गाठी मारन्यात पटाईत तू! त्या श्रीरंगदादानं…"

संग्राम पळाला. मोकळ्या नाड्या आपटत मैदानाच्या त्या टोकापर्यंत पळत गेला आणि मुलांमध्ये मिसळला.

मी उठले नाही. मला उठताच येईना. आप्पा म्हणाले, "काय झालं गं? चक्कर आली का?"

मी त्यांना तिथेच सांगितलं. राष्ट्रगीताचा भोंगा अजून खरखरत होता, मुलं लाडू खात होती, आणि मी मातीत बसून आप्पांना भिवरगावच्या बाईचं दुसरं बोलणं सांगितलं. बुटाच्या नाडीचं.

ऐकून झाल्यावर ते माझ्या शेजारी बसले, पांढऱ्या धोतरात, ओल्या मातीत. मग म्हणाले, "माळ्यावर त्याच्यापाशी झोपत जा, म्हनून मीच म्हनलो हुतो पोराला. थंडी हाय, दादाच्या कुशीत झोप, म्हनलो हुतो."

मी त्यांचा हात धरला.

पोलिसांत जायचं म्हणून आप्पा दोनदा निघाले आणि लताने दोनदा पाय धरले. मी साताऱ्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे संग्रामला घेऊन गेले. चांगल्या होत्या, त्यांनी घाई केली नाही. पण संग्राम बोलला नाही. खिडकीबाहेर बघत बसला. श्रीरंगचा ठावठिकाणा तर कोणालाच माहीत नव्हता.

आणि मग आप्पा रोज माझ्या दुकानात येऊन बसायला लागले. गॅरेज पोरांवर टाकलं. सकाळी यायचे, फोनजवळच्या स्टुलावर बसायचे. पेपर वाचायचे नाहीत, गप्पा मारायचे नाहीत. फोन वाजला की माझ्याआधी उचलायचे. घाऊक व्यापारी असला की माझ्या हातात द्यायचे.

"आप्पा, कशाची वाट बघताय?" मी एकदा विचारलं.

"कुटं तरी जाईलच की तो," आप्पा म्हणाले. "आन गेला की माजंच नाव सांगंल. त्यानं जीव वाचवलेला मानूस मी. माझ्याइतकी चांगली वळख कुटली हाय त्याला?"

दिवाळी उलटल्यावर तो फोन आला. आप्पांनी उचलला. मी वही बाजूला ठेवली, कारण त्यांची पाठ एकदम ताठ झाली होती.

"हां, शेडगे बोलतुय. हां. श्रीरंग. व्हय, हुता आमच्याकडं." मग बराच वेळ ऐकत राहिले. आणि म्हणाले, "दोराचं काम उत्तम हाय त्याचं."

तेच वाक्य. माझ्या तोंडून हाक निघाली, "आप्पा!"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ते समोर बघत होते. समोर माझ्या दुकानात काही नव्हतं, खोकल्याच्या बाटल्या होत्या.

"तुमच्याकडं पोरं हायती का?" त्यांनी फोनमध्ये विचारलं. "लहान? हां. मग त्याला ठिवू नगा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "न्हाय, पोलिसांत काय न्हाय. पुरावा न्हाय. तुमास्नी पुरावा देनार कोन हाय? पोर बोलत न्हाय." पलीकडचा आवाज वाढला. मला तो ऐकू येत होता, असं कसं बोलता, एका चांगल्या माणसाचं आयुष्य, असलं काहीतरी. आप्पांनी त्याला बोलू दिलं. आणि मग, आयुष्यभर दोरावरच्या माणसाबद्दल दोराबाहेर अवाक्षर न बोललेला तो माणूस म्हणाला,

"साहेब, माज्या घरात राह्यला हुता तो. माजा नातू त्याच्या खोलीत झोपायचा."

त्यांनी फोन ठेवला. मी पाणी दिलं, घेतलं नाही.

"बाद दोर कापायचा आसतो, कुंदा," ते म्हणाले. "आपन त्याला तसाच सोडला. त्या नानानं बी, आन म्या बी."

त्यानंतर असे फोन येत राहिले. एकदा कोकणातून, एकदा नगरकडून, एकदा कुठल्या तरी वसतिगृहातून. प्रत्येक वेळी त्याने आमचाच नंबर दिलेला. का देत असेल? आप्पा बोलणार नाहीत याची इतकी खात्री होती त्याला? जिथे नाकारला गेला तिथे तो कारण विचारत नसणार, हे मला माहीत होतं. आप्पा गेले त्यानंतर मी उचलायची. नवं माणूस आधी दोराचंच विचारायचं. मी सांगायची, दोराचं काम उत्तम आहे. आणि मग ते फोन ठेवायच्या आत पुढचं सांगायची. कोणी आभार मानायचे, कोणी मला चहाडखोर म्हणायचे. एकाने तर शिव्या घातल्या. घालू देत.

संग्राम मोठा झाला, नोकरीला लागला, त्याला मुलगीही झाली. बरा आहे. बूट घालतो ते बिनानाडीचे. मला भेटायला येतो, तेव्हा आम्ही त्यावर बोलत नाही. पण एकदा निघताना, दाराशी पाठमोरा उभा राहून म्हणाला, "आत्या, आप्पा त्या फोनपाशी काय करत बसायचे ते मला तेव्हाच माहीत होतं." आणि गेला.

आता दुकान माझा भाचा बघतो. सगळ्यांच्या खिशात मोबाइल. घाटात गाडी गेली की फोटोच आधी येतात. भाचा मला म्हणतो, आत्या, तो जुना फोन कशाला ठेवलायस? कोणी करत नाही त्याच्यावर. दर महिन्याला नुसतं भाडं भरतेस.

भरते. रोज सकाळी उठून तो उचलून कानाला लावून बघते, चालू आहे ना. कारण श्रीरंगबद्दलचा शेवटचा फोन येऊन आता खूप वर्षं झाली. लोकांना वाटतं, म्हातारी फोनच्या आवाजाला दचकते. माझं उलटं आहे. तो मेला असेल तर सुटलो सगळे. पण मेला नसेल, आणि तरीही हा वाजत नसेल, तर कुठेतरी त्याला दुसरा कोणी तरी मिळाला आहे, जो फोन उचलतो, आणि पहिल्या वाक्यावरच थांबतो.